हलवून बघ

पहिल्यांदा टेबलच गेलं.
आउनेच्या माहेरचं, बर्चच्या लाकडाचं.
चाळीस वर्षं त्यावर पीठ मळलं तिने
आणि त्याने कधी हूं की चूं केलं नाही.
नव्या स्टिअरिंगची मोटर थेट दांड्याला जोडलेली,
मध्ये पट्टा नाही, दाते नाहीत, दयामाया नाही.
दुसऱ्याच वळणावर तिने असा हिसडा दिला
की फळी उभी चिरली.
"आता कॉफी कुठे ठेवू?" आउने म्हणाली.
इल्मो हसला, अर्ध्या तोंडाने.
झटका येऊन गेल्यापासून तो तसाच हसतो.

म्हणून आज मी लाहतीच्या या गोदामात,
मार्चचा बर्फ बुटांवर घेऊन.
दुकानातली पोरगी, पिह्ला, विचारते,
"तुम्ही चालवणार?"
नाही गं. मी कधीच चालवलं नाही.
एकोणीस हंगाम शेजारी बसून
वही वाचली:
डावं चार, चढ, उडी, लगेच उजवं तीन,
कापू नको, आत दगड.
चालवायचा तो.

आधी ती घडीचा सांगाडा दाखवते.
स्वस्त. कपाटामागे मावणारा.
मी दोन्ही हातांनी धरून ओढतो,
तो मान डोलावतो, होयबासारखा.
दुसरा गोल नळ्यांचा, काळा, देखणा,
सीटवर लाल शिवण.
ब्रेकवर सगळ्या वजनानिशी पाय दिला
तर पेडलखालची पाटी वाकली,
बटाट्याच्या पोत्याखाली मांडणीची फळी वाकते तशी.
"आजोबा, मोडाल हं."
मोडायलाच आलोय.
खुंटा हलवूनच बळकट करायचा असतो.

तिसरा मागच्या भिंतीशी. रूप नाही.
अॅल्युमिनियमचे खाचांचे दांडे,
दोन बोटं जाड, वीतभर उंच,
कोपऱ्याकोपऱ्यात कोन, एकेका कोनात चार बोल्ट.
धरला. ओढला. खांदा लावला.
खांदाच दुखला.
पिह्ला खूश. "मोटरची पाटी दोन्ही बाजूंनी धरलेली बघा,
नुसती खालून नाही.
आणि सीट थेट दांड्यांवर बसवा,
सरकपट्ट्या घेतल्या की थोडी लचक येतेच."
पट्ट्या लागतील, मी म्हणतो.
त्याला आत उतरवावा लागतो,
आधी उजवा पाय, मग मी, मग डावा.
ती दुहेरी कुलपाच्या पट्ट्या शोधून आणते.
खालच्या फडताळातून, गुडघे टेकून.

मग फॉर्म भरताना:
"मोटर वीस न्यूटन-मीटरची ना? किती जोरावर चालवणार?"
चार. फार तर पाच.
डावा हात अजून परका आहे त्याचा.
ती पेन थांबवते.
"चारला तर तो घडीचासुद्धा पुरेल, आजोबा.
हे धूड कशाला?"

पुरेल.
पण पोरी, तो स्वतः थरथरतो.
मग इल्मो दर सरळ रस्त्यावर विचारणार,
हे आत्ता हललं ते कोण?
खडी, सांगाडा, की मी?
काय सांगू?
सांगाडा गप्प बसला तर दोघंच उरतात.
आणि त्यातली खडी मला तोंडपाठ आहे,
तो जंगलातला रस्ता, तळ्याकाठचा उतार,
लाल गोठ्यापुढची उडी,
जिथे एकदा आम्ही गाडीपेक्षा उशिरा खाली आलो.

पिह्ला काही बोलत नाही.
आकडे मांडते. तीन खोकी, शनिवारी पोचतील.
बोल्ट थोडे जास्तच टाकते,
बर्फात हरवतात म्हणून, म्हणते.

अजून एक, मी म्हणतो.
शेजारी दुसरी सीट हवी,
त्याच दांड्यांना जोडलेली.
"तशी कुणी मागत नाही.
दोन दांडे वाढवावे लागतील.
बसणाऱ्याचं वजन?"

ब्याऐंशी.
तेव्हा अडुसष्ट होतं,
वहीसकट.